जोडा चावतो हे सांगणार कोण?

शनिवारी लग्न, आणि मंगळवारी दुपारी फेली माग्तिबाय मिठाच्या कोमट पाण्यात दोन्ही पाय बुडवून बसली होती. समोर जोड्यांची खोकी उघडी पडली होती. तिला तीता, म्हणजे मावशी, म्हणणारी भाची लिवाय एकेका खोक्यातून जोडा काढून तिच्यापुढे धरत होती आणि फेली न्यायाधीशासारखी मान हलवून एकेकाला घरी पाठवत होती.

"हा बघ तीता, मऊसूत आहे. दुकानातली बाई म्हणाली, पाय घातलाय हेसुद्धा कळत नाही."

"तिच्या पायाला कळत नसेल. माझ्या पायाला सगळं कळतं. माझ्या डोक्याला जेवढं कळत नाही तेवढं पायाला कळतं."

यात खोटं काही नव्हतं. फेलीचे पाय पुढून बदकासारखे पसरट आणि टाचेला एकदम निमुळते होते. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, करंगळीवर भोवरी, आणि कातडी अशी नाजूक की मोज्याच्या शिवणीनेही वळ उठावा. जो जोडा पुढून बसे तो मागून निसटे, आणि मागून बसे तो पुढून चावे. फिलिपिन्समधल्या ज्या मारिकिना गावात दर तिसऱ्या घरात जोडे शिवले जातात, तिथे जन्मून या बाईने चर्चची वाट सोडली तर उभं आयुष्य सपाता घालून काढलं होतं. समुद्राकाठी राहून मिठाला महाग म्हणतात ते हेच.

पण लग्नाला सपाता चालत नाहीत. लिवायची आई रियाधच्या इस्पितळात नर्स होती आणि तिला रजा मिळाली नव्हती. बाप कधीच परागंदा झालेला. तेव्हा चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत नवरीचा हात धरून चालायचं ते फेलीनेच. लिवाय चार वर्षांची असल्यापासून फेलीनेच तिला वाढवलं होतं, त्यामुळे यावर कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न फक्त पायांचा होता.

"तू अनवाणी आलीस तरी मला चालेल," लिवाय म्हणाली.

"मला नाही चालणार. मागच्या लग्नात मी त्या जोड्यांत लंगडत गेले, तर निम्म्या चर्चला वाटलं मला झटका आला. एक बाई तर नंतर येऊन माझं तोंड वाकडं झालंय का ते बघून गेली. तुझा हात धरून मी तशी चालणार नाही, सांगून ठेवते."

'ते जोडे' म्हणजे फेलीच्या घरातला बायकांच्या जोड्यांचा एकुलता एक जोड. काळ्या चामड्याचे, चौकोनी नाकाचे, वर पट्टा आणि पितळी बकल. ते तास्योने केलेले होते. तास्यो म्हणजे गावातला एके काळचा नावाजलेला कारागीर. गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फर्मा स्वतः तासायचा आणि त्यावर जोडा चढवायचा. एवढं करूनही ते जोडे फेलीला पहिल्या दिवसापासून चावत होते. मग ती परत घेऊन का गेली नाही? कारण तास्यो तिचा कुंपारे होता. तिच्या थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून त्याने पोर हातावर घेतलं होतं; तेव्हापासून तो तिचा कुंपारे आणि ती त्याची कुमारे. अशा माणसाला तोंडावर 'तुझा जोडा चावतो' म्हणायचं? त्यापेक्षा पाय तोडून दिलेला बरा. दर रविवारी चर्चच्या पायरीवर तो विचारायचा, "काय कुमारे, जोडे कसे आहेत?" आणि टाचेला कापसाचे बोळे कोंबलेली फेली हसून म्हणायची, "काय सांगू कुंपारे, ढगावर चालतेय."

संध्याकाळी इसिंगच्या घरी जपमाळेला जायचं होतं. इसिंग रविवारी झोपेतच गेली होती. ती आणि फेली दोघीही चर्चच्या वेदीवर फुलं लावायच्या, आणि साम्पागिताच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा बऱ्या की ग्लॅडिओलाचे तुरे, यावरून गेली कित्येक वर्षं दोघींचं बोलणं 'कशी आहेस?' आणि 'बरी आहे' यापलीकडे गेलं नव्हतं. पण मयताला जायचं तर रीतसर जायचं. फेलीने ते काळे जोडे चढवले, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि निघाली. नवरा ओनोफ्रे स्वभावाने शांत. बायको उठली की उठायचा, बसली की बसायचा.

फेलीला शवपेटीच्या अगदी शेजारचं बाक मिळालं. जपमाळेच्या पहिल्या दहा मण्यांतच तिने टाचेने टाच दाबून जोडे पायातून काढले आणि बाकाखाली ढकलले. ही तिची जुनी सवय, देव तिला क्षमा करो. जप संपला, कॉफी-बिस्किटं झाली, अंगणातले पुरुष पत्त्यांना बसले. इसिंगची मुलगी लुदी जागेवरूनच डोळे पुसत राहिली, कारण मयताघरच्यांनी पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायचं नसतं. फेलीने गप्पा मारता मारता पायाच्या बोटांनीच जोडे चाचपले, चढवले आणि बाहेर पडली.

मयताघरून सरळ घरी जायचं नसतं. वाटेत कुठे तरी टेकायचं, म्हणजे गेलेलं माणूस तिथेच रेंगाळतं, मागोमाग घरी येत नाही. म्हणून दोघं कोपऱ्यावर पेज प्यायला थांबली. आल्याची गरम पेज, वर तळलेला लसूण. फेलीने दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागवली तेव्हा ओनोफ्रेला शंका आली.

"तू तिथून निघाल्यापासून एकदाही 'आई गं' म्हणाली नाहीस."

"अरे हो की," फेली म्हणाली. तिने टेबलाखाली पाय हलवून पाहिले. पुढून मोकळे. टाचेला घट्ट. अंगठ्याच्या हाडाशी, अगदी नेमकी तिथेच, चामड्याला फुगवटा. "ओनोफ्रे, मला काही तरी झालंय. माझे पाय दुखत नाहीत."

दोघांनी वाकून पाहिलं. काळं चामडं, चौकोनी नाक, पट्टा, बकल. सगळं तेच. फक्त ते आरशासारखे चकाकत होते, आणि फेलीने आपल्या जोड्यांना मागच्या ईस्टरपासून पॉलिश लावलं नव्हतं.

"पेटीच्या खाली जोड्यांचा एक जोड ठेवला होता," ओनोफ्रे सावकाश म्हणाला. "लुदीने पुसूनबिसून ठेवलेला. पेटीत पायाशी ठेवायला."

गेलेल्या माणसाच्या पायात जोडे घालत नाहीत. नाही तर घरात पावलं वाजत राहतात. जोडे पायाशी नुसते ठेवायचे. हे फेलीला ठाऊक होतं. तिचा चमचा वाटीतच राहिला.

"म्हणजे मी इसिंगचे जोडे घालून आले?"

"आपण इथे कशाला थांबलो होतो? इसिंग घरी येऊ नये म्हणून," ओनोफ्रे म्हणाला. "आणि तू तिला यायला वाहनच घेऊन आलीस."

त्या संध्याकाळी जोडे घराच्या आत आले नाहीत. अंगणातल्या पपईखाली उलट्या टोपलीत झाकून ठेवले, वर ओनोफ्रेने क्रूस ठेवला. आणि फेली घरात अनवाणी फिरत स्वतःशीच पुटपुटत राहिली, "पण काय बसले होते गं बाई!" आयुष्यात पहिल्यांदा पायाला जोडा मिळाला, तोही मेलेल्या बाईचा, आणि तोही जिच्याशी धड बोलणं नव्हतं तिचा.

बुधवारी दुपारी ती जोडे बाजाराच्या पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, पुन्हा इसिंगकडे गेली. बेत सोपा होता. इसिंगचे जोडे पेटीखाली ठेवायचे, आपले उचलायचे आणि देवाचं नाव घेत परतायचं. पण पेटीखाली काहीच नव्हतं.

"कालचं नवल सांगू का तीता?" लुदी तिच्याजवळ सरकून कुजबुजली. "आईचे जोडे मी स्वतः पॉलिश करून ठेवले होते. सकाळी बघते तर धुळीने भरलेले! दिवसभर चालून आल्यासारखे. आणि आत टाचेला कापसाचे बोळे." तिचा आवाज फुटला. "आईला जोडे लागत होते, आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोळे घालून चालायची गं माझी आई!"

फेलीने कोथिंबीर घट्ट धरली.

"मी पुन्हा पुसून पेटीत ठेवले," लुदी म्हणाली. "बोळ्यांसकट. तिला तिकडे तरी लागायला नकोत."

आता सांगणं अवघड झालं. 'पोरी, तू माझ्या कापसावर रडतेयस' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? फेलीने दुसरा मार्ग धरला. लुदी कॉफी आणायला आत गेली, बाकीच्या बायका पंख्याखाली पेंगत होत्या. फेली पेटीच्या पायथ्याशी गेली, खालचं झाकण वीतभर उचललं आणि हात आत घातला. एक जोडा हाताला लागला. तो ओढायला ती वाकली, तोल गेला, आणि ती छाती पेटीला टेकवून, हात इसिंगच्या पायांवर, अशी अडकून बसली.

"तीता फेली!"

दारात लुदी उभी होती. हातात कॉफीचा ट्रे होता. फेलीला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. पण लुदीने ट्रे खाली ठेवला, धावत येऊन तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

"आईचे पाय धरून रडतेय! आणि लोक म्हणायचे तुमचं जमत नाही!"

पंख्याखालच्या बायका जाग्या झाल्या आणि कारण न विचारता रडायला लागल्या. फेलीलाही रडू आलं, तिचं कारण वेगळं होतं. या गोंधळात झाकण बंद झालं. संध्याकाळी लुदीने पेटीला स्क्रू लावून घेतले, आणि निरोप पाठवला की गुरुवारी दफनाच्या वेळी आईबद्दल दोन शब्द तीता फेलीनेच बोलावेत, कारण आईवर इतकी माया दुसऱ्या कुणाची नव्हती.

"आता काय बोलू मी?" फेलीने ओनोफ्रेला विचारलं. "तिचे तुरे मला आवडायचे नाहीत, हे बोलू?"

"तुला तिच्याबद्दल खरं काय माहीत आहे, ते बोल."

फेलीला इसिंगबद्दल खात्रीने एकच गोष्ट माहीत होती: कधीही विचारा, ती 'बरी आहे' एवढंच म्हणायची. गुरुवारी ती तेच बोलली. "इसिंग आयुष्यभर चालत राहिली," ती म्हणाली. "चर्चला, बाजाराला, लेकीच्या घरी. कुठे दुखतं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आपण सगळे तिच्याबरोबर चाललो आणि आपल्याला कळलं नाही." एवढं बोलून तिला पुढे सुचेना, म्हणून ती गप्प उभी राहिली. ते मौन सगळ्यांना फारच हृदयस्पर्शी वाटलं. तिसऱ्या रांगेतला म्हातारा तास्यो तर रुमालात तोंड खुपसून असा रडला की बायकोने त्याला बाहेर नेऊन पाणी पाजलं. आणि त्या पेटीबरोबर फेलीचे जोडे कायमचे जमिनीखाली गेले.

उरले टोपलीखालचे.

शनिवारी सकाळी फेलीने पुन्हा एकदा सगळी खोकी उपसली, पुन्हा एकदा सगळे जोडे नाकारले, आणि शेवटी अंगणात जाऊन टोपली उचलली. "इसिंग," ती हलकेच म्हणाली, "आजचा दिवस दे. पोरीचं लग्न आहे. उद्यापासून म्हणशील तर महिनाभर ग्लॅडिओलाच लावते." पपईने पान हलवलं नाही. फेलीने तो होकार समजला.

चर्चचं दार उघडलं, वर बाजाची पेटी वाजू लागली, आणि लिवायने तिच्या कोपरात हात अडकवला. पोरीचा हात थंडगार होता. फेलीने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पायांचा विचारच करत नाही आहोत. आपण लिवायचा विचार करतोय. शाळेत सोडताना ही असाच घट्ट हात धरायची. फेलीचे डोळे भरून आले, मान ताठ झाली, आणि ती राणीसारखी चालत राहिली. कुणालाही झटक्याची आठवण झाली नाही.

निम्म्या वाटेवर मात्र तिला तास्यो दिसला. बाकाच्या कडेला बसलेला. जोडे करणारी माणसं तोंडाकडे बघतच नाहीत, पायांकडे बघतात. त्याने फेलीच्या पायांकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, आणि भर मिरवणुकीत उठून उभाच राहिला. कारागीर आपली वस्तू ओळखतो; हे जोडे इसिंगचे, हे त्याला कळलंच असणार. संपलं सगळं.

जेवणं चर्चमागच्या मांडवात होती. अख्खं भाजलेलं डुक्कर मध्यभागी, त्याची कुरकुरीत कातडी आधीच निम्मी गायब. फेलीने घास तोंडात घातला न घातला तोच तास्यो काठी टेकत थेट तिच्यापुढे आला.

"कुमारे, पाय बघू."

"कुंपारे, जेवून घ्या ना आधी—"

"पाय."

तिने पाय पुढे केला. म्हातारा गुडघ्यांवर बसला, बोटाने चामडं दाबत गेला, आणि वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"बसला! इतक्या वर्षांनी बसला! कुमारे, दर रविवारी तू माझ्या जोड्यांत लंगडत यायचीस, आणि तुझ्यामागून इसिंगही लंगडत यायची. मी विचारायचो, तुम्ही दोघी म्हणायच्या, ढगावर, ढगावर. मला काय दिसत नव्हतं? म्हटलं, हात गेला आपला. दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं डोळे गेले." त्याने अंगठ्याजवळचा फुगवटा चोळला. "हे बघ, तुझ्या या हाडासाठी इथे चामडं पातळ केलंय. तुझ्याच फर्म्यावर. मग इतके दिवस का गं चावत होता?"

फेलीच्या तोंडातून निसटलंच. "पण कुंपारे, हे तर इसिंगचे आहेत!"

मग तिला सगळं सांगावं लागलं. पेज, पपई, कोथिंबीर, पेटी, सगळं. तास्यो जमिनीवरच बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर दूर गेली.

"गावजत्रेच्या, फिएस्टाच्या, आदल्या दिवशी दोन पुडकी बांधली होती," तो म्हणाला. "एक तुझं, एक इसिंगचं. दिसायला सारखीच. आणि फिएस्टाची बाटली मी जरा आधीच उघडली होती." त्याने कपाळाला हात लावला. "तुझे तिला गेले. तिचे तुला."

"आणि ती काही बोलली नाही?"

"मी तिचा मावसभाऊ. मला कशी बोलेल? तू का नाही बोललीस?"

"तुम्ही माझे कुंपारे. मी कशी बोलणार?"

फेलीच्या मनात हळूहळू उजेड पडला, आणि आठवडाभर छातीवर बसलेला धोंडा सरकला.

"म्हणजे इसिंग तिकडे स्वतःचेच जोडे घेऊन गेली," ती म्हणाली.

"अगदी मापाचे," तास्यो म्हणाला. "बोळे तेवढे काढून टाकेल." आणि दोघं इतकी हसली की लगेच दोघांना रडू आलं. लुदीला हे नवव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर सांगायचं ठरलं.

डोळे पुसून म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "मग कुमारे, आता खरं सांग. जोडे कसे आहेत?"

'ढगावर' हा शब्द फेलीच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. घसा खाकरला. शेजारी ओनोफ्रेने चमचा खाली ठेवला.

"डाव्या करंगळीला," फेली म्हणाली, "किंचित लागतो."

तास्योने टाळी वाजवली.

"बोलली! अरे, शेवटी कुणीतरी बोललं! काढ! दोन्ही काढ!" त्याने बकलं सोडली, जोडे काखेत मारले आणि काठी तिथेच विसरून रस्त्याकडे धावत सुटला. "दुकान उघडतो! संध्याकाळपर्यंत देतो!" रिक्षात बसतानाही तो ओरडत होता.

तेवढ्यात मांडवात गाणं सुरू झालं आणि लिवाय झगा सावरत नाचायला बोलवायला आली. "चल तीता. अगं, जोडे कुठे तुझे?"

"दुरुस्तीला गेलेत," फेली म्हणाली, आणि अनवाणीच उठली. ती उठली म्हणून रीतीप्रमाणे ओनोफ्रेही उठला. पण त्याने आधी वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट टेबलाखाली सरकवले आणि सुटकेचा लांब श्वास घेतला.

"तुला काय झालं?" फेलीने विचारलं.

"तास्योचेच आहेत," ओनोफ्रे म्हणाला. "आपल्या लग्नात तू हौसेने करून दिलेस. तेव्हापासून चावतात."